हौसेला मोल

गारा पडल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी
गुड्रुन सॉलबर्गच्या छपरावर मी ड्रोन नेला.
शिडी चढायचं तिचं वय नाही, माझंही नाही.
पडद्यावर छप्पर दिसलं देवीचे व्रण उठल्यासारखं,
आणि धुराड्यामागे एक मेलेलं कबुतर.
सोळा फोटो. तिने पैसे विचारले, मी नको म्हटलं.
निघताना हातात बरणी आली, मुरवलेल्या बिटांची.

तिथेच घोटाळा झाला म्हणे.
कीथ विम्याच्या कंपनीत आहे, माझा भाचा,
म्हणून सल्ला फुकट.
"आर्लीन मावशी, केवळ आनंदासाठी उडवलास तर हौस.
छप्पर तपासलंस की काम.
कामाला परवाना लागतो,
बरणी घे नाहीतर घेऊ नकोस."

तेवीस हिवाळे मी शाळेची बस चालवतेय.
उणे तीस अंशांत, मागे एकोणीस पोरं,
नदीकाठचं ते बर्फाळ वळण
ज्याने घेतलंय, त्याला कागदाचं वावडं नसतं.
पण माझ्या गाडीतून शेजारणीला दवाखान्यात नेलं
तर मी टॅक्सीवाली होते का?
"आभाळाचं वेगळं असतं," कीथ म्हणाला.
जसं काही तो तिथेच राहतो.

केवळ आनंद.
ते दोन शब्द घरी आणून मी ओट्यावर ठेवले,
भांडी घासताना बघत राहिले त्यांच्याकडे.
पहिल्यांदा ड्रोन वर गेला तेव्हा
माझं घर दिसलं, काडेपेटीएवढं,
वाळत घातलेली चादर,
आणि मान वर केलेली एक मुंगी. ती मी.
मी रडले होते.
रडणं हौसेत धरायचं की कामात?

खरं सांगते, मला कायद्याने नाही बदललं.
जुलैत सूर्यफुलांवर ड्रोन तरंगत ठेवला होता,
उगाच, रंग बघायला.
झाडांच्या रांगेमागून ड्वेन केटरलिंगचं पिवळं विमान आलं,
फवारणीचं, पिकाला पोट घासत.
आधी आवाज, मग पंख.
मी दांडी खाली ओढली, जीव खाऊन.
ड्रोन फुलांत पडला, विमान वरून गेलं,
ड्वेनला पत्ताच नाही.
त्याच्या दोन्ही मुली माझ्या बसमध्ये तिसऱ्या बाकावर बसतात.
चाळीस मिनिटं शोधत होते शेतात,
आणि सगळी फुलं माझ्याकडे पाठ करून.

ऑक्टोबरात मायनॉटला जाऊन परीक्षा दिली.
साठ प्रश्न.
वारा मी गालाने ओळखते,
तिथे तो आकड्यांत लिहिलेला होता,
आणि ढग तर नुसती तीन अक्षरं.
शेजारी मिशी न फुटलेला पोरगा
माझ्या आधी उठून गेला.
मला एक्क्याऐंशी पडले. त्याचे विचारले नाहीत.

आता लोक विचारतात, सगळ्यांनाच हवा का परवाना?
माझ्या बसमधला नऊ वर्षांचा ऑस्कर
खेळण्यातला ड्रोन कोठारात उडवतो,
तुळईला आपटतो, गवतात पडतो, हसतो.
त्याला काय विचारणार?
तिथे आभाळच नाही.
पण कोठाराचं दार उघडून तो बाहेर आला
की कोणीतरी त्याला सांगायला हवं,
वर आणखी कोणी असतं.
ते धंद्याच्या कागदावरच लिहावं लागतं का,
मला माहीत नाही. कीथला माहीत असेल.

कार्ड आलं टपालाने. पाकिटात ठेवलं,
बसच्या परवान्यामागे.
रविवारी गुड्रुनचा फोन,
आता गोठ्याचं छप्पर बघायचंय.
मी घसा साफ केला. "चाळीस डॉलर पडतील, गुड्रुन."
पलीकडे बराच वेळ घड्याळाची टिकटिक.
मग म्हणाली, "आणि बीट?
यंदा चांगले मुरलेत."

"बीट पण," मी म्हटलं.