शोधात सापडलेल्यांची नावं

रात्री दोन वाजता प्रणाली शोधायला निघते.
क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात तेव्हा
बर्फयंत्रं जागी असतात, आणि मी.
एकेका पत्त्यावर जाऊन ती कडी वाजवते:
कोण आहे?
बहुतेकदा एवढंच कळतं की कुणीतरी आहे.

मग नियम.
आधी बघायचं, गावाच्या वहीत तुझं नाव आहे का.
नसेल तर विचारायचं, तू स्वतःला काय म्हणवतोस.
तोही गप्प राहिला
तर ज्या आकड्यावर उभा आहे तेच त्याचं नाव:
दहा, शून्य, चार, एकशे तेरा.

आमच्याकडे माणसांचंही असंच.
एका धक्क्यावर तीन हानुस.
झऱ्याकाठचा हानुस, कुंपणाबाहेरचा हानुस,
आणि तिसऱ्याचं जे आहे ते त्याच्या तोंडावर कुणी म्हणत नाही.
प्रणालीला यातली गंमत कळत नाही.
दुसरा भेटला की ती त्याच्यापुढे
निमूट दोनचा आकडा लावते.

माझ्याआधी सव्वीस वर्षं इथे रोकुर होता.
त्याने आल्यागेल्या प्रत्येक डब्याला नाव दिलं, हातानं:
लोमुर, टेर्नन, ब्रिमिल.
मला वाटलं, म्हातारा पक्ष्यांचा शौकीन असणार.
पण ब्रिमिल म्हणजे नर सील,
तो कुठे उडतो?

बर्गनहून नावं ठेवणारं पत्र आलं. सोबत तक्ता:
ठिकाण, मजला, कपाट, प्रकार, क्रमांक.
सगळी अक्षरं मोठी. मध्ये जागा नको.
आमचं एक अक्षर आहे, लिहायचं पण म्हणायचं नाही असं,
ते तर मुळीच नको.
शुक्रवारपर्यंत करा, कळावे.

बुधवारी पहाटे भिंतीवरचा पडदा लाल झाला.
*ब्रिमिल: संपर्क नाही. शेवटचा संपर्क ४:१७.*
मी केबल चाचपत होते.
मागे मार्युन उभी होती, माशांचे काटे काढणाऱ्या पट्टीवरची,
रबरी हातमोजे तसेच,
कॉफी घ्यायला आलेली.
कॉफी तिने घेतली नाही.
"अगदी हेच," ती म्हणाली,
"अगदी ह्याच शब्दांत रेडिओवर सांगितलं होतं.
वडील होते. मी नऊ वर्षांची."

मी काहीच बोलले नाही.
प्लग सैल होता, फरशी धुणाऱ्याच्या बादलीनं लागलेला.
दाबला.
प्रणाली दर चार मिनिटांनी विचारते,
त्याआधी तिला काही कळत नाही.
चार मिनिटं आम्ही दोघी पडद्याकडे बघत उभ्या.
खाली पट्टी थांबलेली, हॅडॉक तसेच आडवे,
मुकादम ओरडत असावा.

*ब्रिमिल: पुन्हा संपर्कात.*

मार्युनने हातमोजे ओढून घट्ट केले,
"रोकुर असताना मी रोज सकाळी बघायचे,
हिरवा आहे ना एवढंच," म्हणाली,
आणि निघून गेली.

तेव्हा लोमुर कळला. टेर्नन कळला.
ती नाव गेली, ते नाव राहिलं.
सव्वीस वर्षं एक माणूस
दर चार मिनिटांनी समुद्राला विचारत होता,
आणि समुद्र नाही तर निदान डबा तरी
आहे म्हणत होता.

शुक्रवारी मी तक्ता भरला.
सगळे मोठ्या अक्षरांत, जागा न सोडता, दोनशे चौदा.
खरं म्हणजे तक्ता चांगलाच आहे;
कपाट तीन म्हटलं की कपाट तीनकडेच जाता येतं,
लोमुर कुठल्या मजल्यावर होता
हे रोकुरलाच ठाऊक.
तीन मात्र वगळले.
अपवादाच्या अर्जात कारणाचा रकाना असतो,
साठ अक्षरांचा.
मी लिहिलं: उत्तर देतात.

बर्गनला अजून समजलेलं नाही, किंवा समजलंय.

राहता राहिला एकशे तेरा.
तो रोज रात्री सापडतो.
कुठे आहे ते मात्र सापडत नाही.
शीतगृहाच्या भिंतीमागे असेल, जुना काटा, जुना छपाईयंत्र,
कुणी कधी ठेवलेलं.
कडी वाजली की तो आतून हूं म्हणतो
आणि पुढे काही नाही.