कानातली खूण

आमच्या फेरो बेटावर मेंढीच्या कानात
मालकाचं नाव असतं. अक्षरात नाही, कापात.
डाव्या कानाचं टोक उडवलेलं, उजव्याला मागून एक खाच:
ते आमचं, आजेसासऱ्यांपासूनचं.
टोक शाबूत आणि दोन खाचा: ते सुन्नेवाचं,
माझ्या नणंदेचं,
जिच्याशी मी सात वर्षं बोललेली नाही
एका होडीघरावरून.

ऑक्टोबरात मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या.
धुकं असं की कुत्रंही वासावर चालत होतं.
कोंडवाड्यात मोजताना एक कोकरू निघालं
बिनखुणेचं.
दोन्ही कान पूर्ण, मऊ, आतून गुलाबी,
वसंतात कुणाच्या तरी हातून निसटलेलं.

कुणाच्या, ते मला ठाऊक होतं.
ऑगस्टात कड्याखाली मेलेली मेंढी पाहिली होती मी,
दोन खाचांची,
आणि वर हेच, काळ्या गुडघ्याचं, ओरडत उभं.

"कापू?" हानुसने विचारलं,
चाकू मांडीवर पुसत.
माझा नवरा लबाड नाही. त्याला माहीत नव्हतं.
माहीत होतं मला,
आणि ज्याच्यापासून काही लपत नाही, त्याला.

मी म्हटलं, प्रभू, हे फारच किरकोळ आहे.
तुझ्यासाठी मी काहीतरी मोठं राखून ठेवलं होतं.
घरदार सोड म्हणाला असतास
तर निदान विचार तरी केला असता.
रविवारी सभागृहात सगळ्यांच्या आधी पोचते,
शेगडी पेटवते,
भाकर मोडायच्या टेबलावरचं कापड
घरून इस्त्री करून नेते.
वरून आता हे कोकरूही?

तो काही बोलला नाही.
तो आधीच बोलून गेलेला असतो, अडचण तीच आहे.

कानावर तर सगळंच पडतं.
वारा, रेडिओवरचे मासळीचे भाव,
रात्री सुन्नेवाच्या दाराची कडी.
"ऐकतेस का माझं?" आई विचारायची,
तेव्हा ती माझ्या कानांची चौकशी करत नसे.
आणि मी इतकी वर्षं कानाडोळा केला,
तोही स्तोत्रं म्हणत म्हणत.

"नको," मी म्हटलं. "आपलं नाही ते."
एवढं बोलायला
उलट्या प्रवाहात वल्ही मारल्यासारखी धाप लागली.

अकरा घरं ओलांडून उचलून नेलं त्याला.
सातव्या घरापाशी ते माझ्या स्वेटरवर मुतलं.
सुन्नेवाने दार उघडलं,
आधी त्याचे कान पाहिले, मग माझं तोंड.
"आता कान जाड झालेत," म्हणाली,
"कापलं तर रक्त जास्त येईल."
कोकरू घेतलं, दार लावलं.

वाटलं होतं, परतताना आत काहीतरी उजळेल.
तसं काही झालं नाही. लोकरीला वास येत होता
आणि मी निम्म्या रस्त्याभर
तिने काय काय बोलायला हवं होतं
त्याची वाक्यं जुळवत होते.
देऊन आले, तरी हिशेब माझ्याच मुठीत.

सासरे पोरांना सांगायचे,
वल्हं रोज धरा, समुद्र शांत असला तरी,
घट्टे आधी पडू द्या हाताला,
वादळात कोरा हात सोलून निघतो.
मी ते होडीबद्दलच समजत होते.

हल्ली झोपताना कान चाचपते स्वतःचा.
पाळी, कड, मागची बाजू.
गुळगुळीत लागतो.
एके ठिकाणी जरासं खरखरीत आहे,
पण ते थंडीचंही असेल.

होडीघराची किल्ली अजून माझ्याच खिळ्यावर.
मंगळवारपासून मी तिच्याकडे बघते
आणि चुलीवर काही ठेवल्यासारखं करून
स्वयंपाकघरात निघून जाते.
आज खाली काढली. गंज पुसला, तेल लावलं.
पुन्हा खिळ्यावर अडकवली.
एवढंच झालं आज.