शंभरावा

खराडी, रात्रीचे पावणेतीन.
दहा हजार प्रेक्षक सोडलेत मी सर्व्हरवर,
एकालाही डोळे नाहीत.
सगळ्यांना एकच सिनेमा हवा,
ज्याचा त्याचा वेगळ्या मिनिटापासून,
आणि डिस्क धावतेय
पंगतीतल्या एकट्या वाढप्यासारखी.

सरासरी आठ मिलिसेकंद.
बागवान म्हणतो, झालं की! रिपोर्ट पाठव,
मशीनचा चहा तरी घेऊ.

सरासरी गोड बोलते.
मी आकडे चढत्या क्रमाने लावते,
पार शेवटी जाते.
शंभरातला शंभरावा तिथे बसलेला,
भात गार, वरण यायचंय.
चार सेकंद.

‘चार सेकंदांनी काय होतं गं?’
सांगते, म्हणजे असं बघ, की

‘काय झालं? अगं, बोल ना!’

हेच.

तो कागदी कप खाली ठेवतो.
चाचणी पुन्हा लावतो.