अर्धा इंच

इतवारीच्या लोहाओळीत, दुपारी साडेबाराला,
मे महिन्यात सळईला हात लावला की सळईच आपल्याला धरते तेव्हा,
मी म्हटलं, इम्पॅक्ट रेंच दाखवा.
बॅटरीवाला.

मुर्तुझाभाईंनी माझ्या मागे पाहिलं.
मागे पत्रे लादलेली एक हातगाडी होती.
"साहेब गाडी लावून येत आहेत काय?"
गाडी मीच लावलीय,
शहीद चौकाच्या पुढे, लावायची नाही तिथे,
म्हणून जरा लवकर.

मग तीन डबे आले काउंटरवर.
पहिला हजार न्यूटन मीटरचा. "ट्रकचे नट उडवते मॅडम."
मला ट्रक उडवायचा नाही.
बारा वर्षांची वॅगनआर आहे, चाकाला चार नट,
एकोणीसचा सॉकेट, अर्ध्या इंचाचा चौकोन.
ते गप्प झाले. मग स्टूल पुढे सरकवलं,
आणि कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलं.

फेब्रुवारीत उमरेड रोडवर पंक्चर झालं होतं.
आधीच्या पंक्चरवाल्यानं हवेच्या गननं नट असे आवळलेले,
जसं काही चाक रात्रीतून पळूनच जाणार होतं.
चपला काढून पान्यावर उभी राहिले मी,
अठ्ठावन्न किलो, साडीसकट.
नट म्हणाला, बरं मग?
शेवटी संत्र्यांच्या ट्रकवाल्यानं पान्यात पाइप घातला,
एका झटक्यात कट्ट.
पैसे घेईना. म्हणे, "काहून एकट्या फिरता बाई?"
तेव्हापासून उजवा खांदा वेणी घालू देत नाही,
पण दुखतं त्या वाक्यानं.

बाबा अजनीच्या लोको शेडमध्ये फिटर.
रविवारी अंगणात कुणाची ना कुणाची स्कूटर उघडलेली.
पाना सुधीरच्या हातात.
माझ्या हातात टॉर्च.
"नीट धर. हलवू नको. इकडं कुठं पाहून राहिली?"
एवढंच माझं शिक्षण.
सुधीर आता गाडी धुवायलाही माणूस लावतो.
आणि उजेड धरणाऱ्याला सगळं दिसतं,
हे बाबांच्या कधी लक्षात आलं नाही,
किंवा आलं असेल.

दुसरा डबा स्वस्त. उचलला, बरा वाटला,
पण बॅटरी त्याच्याचपुरती, दुसरी कशालाच लागणार नाही.
तिसरा पावणेदोन किलोचा, साडेतीनशेचा, चार ॲम्पियरच्या दोन बॅटऱ्या.
खांद्याच्या उंचीवर धरून मी वीसपर्यंत मोजलं.
रस्त्यावरचा एक पोट्ट्या थांबून बघू लागला.
सतरालाच हात थरथरला, पण धरला.

"एक सांगतो," मुर्तुझाभाई म्हणाले,
"उघडताना मशीन. बसवताना हात.
पहिले आटे बोटांनी फिरवा, समोरासमोरचे नट घ्या,
शेवटी टॉर्क पाना, कट्ट म्हटलं की पुरे.
मशीननं आवळलं तर पुढच्या वेळी तुम्हीच शिव्या द्याल, स्वतःलाच.
आणि बॅटरी डिक्कीत ठेवू नका.
नागपूरच्या मेमध्ये डिक्कीत माणूस ठेवतो काय कोणी?"

मी ट्रिगर जरासा दाबला.
गरगरण्याच्या आधी,
नाकाखाली एक छोटा पांढरा दिवा लागला.
काउंटरवर, बिलबुकावर, माझ्या बोटांवर उजेड.
मी सोडला. पुन्हा दाबला.
"वॉरंटी एक साल," ते म्हणाले.
मी ऐकलं नाही.
याला टॉर्च धरायला कोणी लागत नाही.

तिसरा घेतला.
गाडीला चिठ्ठी लागली होती वायपरमध्ये, तीही घेतली.

संध्याकाळी मानेवाड्यात, पार्किंगमध्ये, पुढचं डावं चाक.
टर्रर्र, मग एक वेगळाच आवाज, नट सैल.
चार नट, चहा गाळायलाही जास्त वेळ लागतो.
धकाते वरून वाकले, "केवढ्याला पडला?"
सांगितलं. "बाप्पा! एवढ्यात तर पाच वर्षं पंक्चरवाला पोसला असता."

हो, म्हटलं.

चाक परत चढवलं, बोटांनी आटे लावले.
बॅटरी आता स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी,
तांबडी, मिचमिचत.
टॉर्च बाबांचीच आहे माझ्याकडे. पितळी, तीन सेलची.
आज शोधली नाही.