कच्चा डाख

कॅल्युमेटच्या शाळेत, तळघरातल्या खोलीत,
जिथं फेब्रुवारीत बर्फ खिडकीच्याही वर चढतं,
डाखकामाचं सामान माझ्याकडे होतं.
डबा मूळचा मासेमारीचा.
गळांच्या खणांत आता आकसणाऱ्या नळ्या, काळ्या, लाल,
सांडलेलं कथील पिऊन घेणारी तांब्याची विणलेली फीत,
पितळी काथ्याचा गोळा,
आणि राळेची डबी, जिच्यावर टोइव्होनेन सरांनी
मार्करनं लिहिलंय : जाम नाही, चाखू नये.

सर म्हणायचे, टोकाला आधी कल्हई कर.
कथील तापवू नकोस, तार तापव,
मग ते आपणच चढतं,
साखरेच्या खड्यात कॉफी चढते तसं.
त्यांचे आजोबा इथल्याच खाणीत उतरायचे तांब्यासाठी.
खाणीत आता पाणी.
आमची तार कुरियरनं येते,
रीळ पावणेसात डॉलरचं.

निघायच्या आदल्या रात्री एकच सांधा राहिला होता,
डाव्या हाताच्या मोटरचा.
वर पिझ्झा आला होता.
मी टेकवलं, फुंकलं, सोडलं.
चांगला डाख चमकतो.
हा राखाडी, ढेकळासारखा.
मी पाहिला.
पाहिला, आणि वरून नळी ओढली,
गरम हवा दिली,
नळी आकसून बसली. छान दिसत होती.

एस्कनाबाला, दुसऱ्या फेरीत, एकविसाव्या सेकंदाला
आमच्या रोबोचा डावा हात लटकला.

"माझाच असणार," सेल्मा केस्किटालो म्हणाली.
नववीतली. त्या आठवड्यात सहा सांधे केलेले,
सहाही आरशासारखे.
तिनं ब्लेडनं नळी उभी चिरली.
बोट लागताच तार सुटून आली.

ती त्या राखाडी गोळ्याकडे बघत राहिली
जरा जास्तच वेळ.
मग म्हणाली, "धर. गार होईपर्यंत हलू नकोस."

चिमट्यांचा स्टँड घरी राहिला होता,
म्हणून मी धरली तार.
धुराचा पंखाही घरीच,
त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं
तर त्याला कारण होतं.
ती हळू मोजत होती, पाचपर्यंत.
दोनवर बोलता आलं असतं.
चारवरसुद्धा.

हात उरलेल्या सगळ्या फेऱ्या चालला.
परतीच्या बसमध्ये डबा तिच्या मांडीवर,
झोपेत तिनं त्यावर गाल टेकलेला.

ती चिरलेली नळी मी टाकली नाही.
आहे, कडेच्या लहान खणात.
डबा पुढच्या वर्षी तिच्याकडे जाईल.