कवंदी

तुम्ही वाकळ म्हणा, गोधडी म्हणा.
शिवणगाळीत आम्ही कवंदी म्हणतो,
आणि ती मधून सुरू करत नाही.
रेमेतमावशी सांगते:
आधी सीमा धर. मग आत ये,
फिरत फिरत, घाई न करता,
संध्याकाळी म्हैस डबक्यात शिरते तशी.

सीमा.
हा शब्द बेळगावात उच्चारला
की चहाचे ग्लास हवेत थांबतात.
मावशी दातानं दोरा तोडते,
पुढचा टाका घालते.

हा तांबडा तुकडा इनासच्या शर्टाचा,
लोंढ्याला रुळाखाली खडी भरत होता त्या सालचा.
हा निळा माझ्या शाळेच्या स्कर्टचा.
(मी शाळा सातवीत सोडली, स्कर्टनं नाही.)
ही पिवळी पट्टी त्या मालकिणीच्या साडीची
जी माझ्या आईचा कप
गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवायची.
मावशीनं ती पायाकडं लावली.

आणि हे मांजरपाट दोन मोर्चांचं.
एकावर 'पाहिजे'मधलं नुसतं 'पाहि',
दुसऱ्यावर कन्नडातलं एक अक्षर, गोल, पोटुशी,
कुठल्या शब्दाचं ते आता कोण सांगणार.
दोन्ही खानापूरच्या बाजारात गटाराकाठी मिळाली,
आठवड्याच्या फरकानं.
मावशीला वाचता येत नाही, दोन्हीतलं काहीच.
शेजारी शेजारी शिवली.
चार वर्षं झाली, वाडीतली पोरं
दोन्हींवर सारखीच मुततात.

नाताळ सरला आणि जंगलखात्याचा माणूस आला.
टेप, टॅब, पाण्याची बाटली.
पंच्याहत्तर वर्षं इथंच राहता, याचा पुरावा?
कागद होते, मावशी म्हणाली,
वाळवीनं वाचून संपवले.
मग आत गेली, कवंदी आणून अंगणात पसरली.
हे माझ्या आजीचं लुगडं. हात लावून बघा.
याच्याखाली तिच्या आईचं आहे. उसवू?
सात बायका जमल्या तेवढ्यात,
प्रत्येकीच्या खांद्यावर आपापली,
जांभळीखाली नुसता रंगांचा गलका.
फातिमानं तर लग्नातली काढली,
लाल-हिरवी, डोळे दुखतील अशी.
त्यानं मान वर केली नाही.
म्हणाला, याच्यावर शिक्का कुठं आहे?

मावशीनं चार कोपरे दाखवले,
दुमडून शिवलेले त्रिकोण. फुलां.
ही नसतील तर कवंदी नागडी.
हाच शिक्का.

त्याची शेवटची बस चुकली.
रात्री दरीतून धुकं वर आलं,
ओसरीवर तो गुडघे पोटाशी घेऊन पडला.
मावशीनं तीच त्याच्या अंगावर टाकली.
पुरावा पांघरून झोपला तो,
पाय पिवळ्या पट्टीखाली,
इनासची बाही हनुवटीपर्यंत ओढून.

सकाळी त्यानं घडी घातली, चुकीची.
टॅबमध्ये काहीतरी लिहिलं.
काय, ते अजून कळलेलं नाही.
पट्टा आलेला नाही. माणूसही नाही.

नवी चालू आहे.
मधोमध तळहाताएवढी जागा उरलीय.
ती मिटवण्याआधी मावशी मूठ उघडते: घाल.
तांदळाचे दाणे, पाच.
कवंदीचं पोट रिकामं नको.

त्याचा रुमाल राहिला होता ओसरीवर, चौकटीचा.
तोही लावलाय.
मधोमध नाही.
कडेलाही नाही.