केटल, व्हर्डिक्ट

गुरुवारी सहा वाजता, हल शहरात,
मेथडिस्ट चर्चच्या तळघरात
मी बिस्किटांच्या जुन्या डब्यात चिठ्ठ्या टाकते.
प्रत्येकाने दोन उचलायच्या
आणि सांगायचं, ह्या दोघांत फरक काय.
सोपा खेळ. बोलता बोलता व्याकरण येतं,
असं मला वाटतं.

लेतेब्रहानच्या हाताला लागले
‘केटल’ आणि ‘व्हर्डिक्ट’.
रेबवार हसला. म्हणाला, मॅडम, काही संबंध?
हे म्हणजे बूट आणि बुधवार.

तिने मात्र चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या,
नखाने कडा जुळवल्या.
केटल, ती म्हणाली, दोन मिनिटं.
व्हर्डिक्ट, एकोणीस महिने.
मग बराच वेळ काहीच नाही,
छतातला पाइप तेवढा खडखडत होता.
मग म्हणाली : दोन्हींपुढे उभं राहावं लागतं.
आणि दोन्हींना आपली घाई कळते.

मी बत्तीस वर्षं कोर्टात टंकलेखक होते.
किती निकाल टाइप केले, मोजले नाहीत.
त्या शब्दाच्या पोटात ‘खरं बोलणं’ आहे
हे निवृत्तीनंतर शब्दकोशात सापडलं,
तेव्हा स्वयंपाकघरात एकटीच हसले होते.
किटली बरी.
पाणी उकळल्याशिवाय टक् करत नाही.

फेब्रुवारीत तिचं पाकीट आलं.
(सरकार त्याला व्हर्डिक्ट म्हणत नाही.
ती म्हणते. मी दुरुस्त केलं नाही.)
फाडायला हात धजेना, म्हणून
तिने किटलीचं झाकण उघडंच ठेवलं,
तशी ती बंद होत नाही, उकळतच राहते,
आणि डिंक सुटेपर्यंत पाकीट वाफेवर धरलं.
तर्जनीवर अजून फोड आहे,
वाटाण्याएवढा.

तो फोड फुंकत तिने मला सांगितलं,
एकेक शब्द ठेवत, चिठ्ठ्या ठेवल्यासारखा :
वाईट असतं, तर मी ते परत चिकटवलं असतं.
आलंच नाही म्हटलं असतं.

असतं. असतं तर.
संकेतार्थ आमच्या पुस्तकात सतराव्या धड्यात आहे.
आम्ही नवव्यावर होतो.